वेदना मांडण्याची योग्य पद्धत

बोलता येणं ही माणसाला मिळालेली मोठीच सोय आहे. ऐकून घेतलं जाणं ही त्यापुढची सोय असून ती सर्वांना सरसकट लागू नाही.

हा फरक डॉ. रोशेल टालिव्हर यांना ठाऊक नव्हता, असं म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या एका कॉलेजात त्या चौदा वर्षं वक्तृत्व शिकवत होत्या. कृष्णवर्णीय बाळंतिणी गोऱ्या बाळंतिणींच्या जवळजवळ तिप्पट दगावतात, हेही त्यांना, स्वतः कृष्णवर्णीय असल्यामुळे, माहीत होतं. पण त्यांची समजूत अशी, की त्या बायकांना नीट बोलता येत नसावं. (ही समजूत त्यांनी कधी मोठ्यानं बोलून दाखवली नाही. वक्तृत्वात कुठं थांबावं हेही येतं.)

म्हणून वयाच्या अडतिसाव्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला जाताना त्यांनी बाळाच्या कपड्यांआधी पुढील तयारी केली: मोत्यांच्या कुड्या, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, आणि नवरा कर्टिस, दाढी करून, टाय लावून. कर्टिस सहा फूट तीन इंच. त्याला सक्त ताकीद होती, की आवाज चढवायचा नाही, हात हलवायचे नाहीत आणि शक्यतो बसूनच राहायचं.

"आपण बाळंतपणाला चाललोय की कोर्टात?" कर्टिसनं विचारलं.

"टाय नीट कर," रोशेल म्हणाली.

सिझेरियन झालं. मुलगी झाली, सात पौंडांची. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास रोशेलचं पोट दुखू लागलं, मग उजवा खांदा. तीन तासांत तिनं ही गोष्ट चार वेळा, एकूण अकरा वाक्यांत सांगितली. अकराही वाक्यं व्याकरणशुद्ध होती.

"डॉक्टर आहात होय?" नर्सनं ओळखपत्र वाचून विचारलं. "कसल्या?"

"वक्तृत्वाच्या."

"अरे वा," नर्स म्हणाली आणि कागदावर लिहिलं: रुग्ण आराम करत आहे.

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "गॅस असतो हो. थोडं चाला." रोशेल भिंत धरून थोडं चालली. भिंतीवर दोन पाट्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, की इथं एकतीस भाषांचे दुभाषी उपलब्ध आहेत. दुसरीवर तो तिप्पटचा आकडा होता, सुंदर अक्षरांत, चौकटीत. चक्कर आल्यामुळे ती त्या पाटीपाशी बराच वेळ टेकून उभी होती, त्यामुळे रुग्णालयाच्या इतिहासात ती पाटी पूर्ण वाचणारी ती बहुधा पहिलीच.

साडेतीनला कर्टिस उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, हिचे ओठ पांढरे पडलेत!" आवाज अर्ध्या पट्टीनं चढला होता. त्या दिवसात प्रथमच कुणीतरी धावत आलं. सुरक्षारक्षक.

चार वाजता घराशेजारच्या मिस डोलोरेस बाळ बघायला आल्या. वय एकाहत्तर, गोऱ्या, पूर्वी शाळेच्या भटारखान्यात, हातात क्रिंगल, म्हणजे तिकडचा पेकन अक्रोड घातलेला गोड पाव. रोशेल पुटपुटली, "मिस डोलोरेस, पोट फुगलंय. दगडासारखं लागतंय."

मिस डोलोरेस बाहेर गेल्या आणि नर्सला म्हणाल्या, "ए पोरी, तिचं पोट फुगलंय. दगडासारखं लागतंय."

एक शब्द वाढवला नाही की गाळला नाही. इंग्रजीतून इंग्रजीत. (ही बत्तिसावी भाषा पाटीवर नव्हती.) आठ मिनिटांत डॉक्टर आले, पंचवीस मिनिटांत रोशेल पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. पोटात दोन लिटर रक्त साचलं होतं. रक्त थांबेना, तेव्हा गर्भाशय काढावं लागलं. मुलगी एकुलती एक राहणार, हे त्या दुपारी ठरलं.

"तुझं का नाही गं ऐकलं त्यांनी?" मिस डोलोरेसनी नंतर विचारलं.

रोशेलनं यावर घरी बरेच दिवस विचार केला. बाळ छातीशी घेऊन तिनं आपली अकराही वाक्यं आठवून तपासली आणि तिला दोष सापडलाच: तिसऱ्या वाक्यात 'कदाचित' आलं होतं.

रुग्णालयानंही समिती नेमली. निष्कर्ष असा, की परिचितांनी वेळीच लक्षात आणून दिल्यामुळे यंत्रणेनं उत्तम काम केलं. मात्र मातांना वेदना मांडण्याचं प्रशिक्षण हवं. आणि शिकवायला डॉ. टालिव्हर यांच्याहून लायक कोण? रोशेलला राग यायला हवा होता. ती सुखावली. बेचाळीस पानांचा अभ्यासक्रम तिनं दहा दिवसांत लिहिला.

वर्ग रुग्णालयाच्याच तळमजल्यावर भरायचा. पाचव्या दिवशी टॅमिया नावाची एक बसचालक मुलगी, बाळंत होऊन आठ दिवस झालेली, उभी राहिली.

"बाई, सकाळपासून डोकं फुटतंय. डोळ्यांपुढं ठिणग्या दिसतायत."

"छान. पण 'फुटतंय' नको, आकडा सांग. खांदे ताठ."

"दहापैकी नऊ दुखतंय, बाई. सकाळी सातपासून. आणि ठिणग्या."

"'आणि ठिणग्या' लोंबकळतंय. पूर्ण वाक्य."

"मला सकाळी सातपासून दहापैकी नऊ इतकी डोकेदुखी आहे आणि डोळ्यांपुढं ठिणग्या दिसत आहेत."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. रोशेलनं फळ्यावर दहापैकी नऊ गुण लिहिले.

टॅमिया खुर्चीची पाठ धरून म्हणाली, "बाई, मी सराव नव्हते करत."

रोशेलच्या हातातला खडू गळून पडला. स्वतःच्या ओठांचा पांढरा रंग तिनं कधी पाहिला नव्हता. तो आता तिला समोर टॅमियाच्या ओठांवर दिसत होता. पुढच्या मिनिटाला ती टॅमियाला खांद्याशी धरून वरच्या मजल्यावर होती आणि ओरडत होती, "हिला! अहो, हिला आधी! आत्ता!" कर्ता नाही, क्रियापद नाही. सुरक्षारक्षक आला, तेव्हा तिनं त्याच्याच हाताला धरून त्याला चाकाची खुर्ची आणायला लावली. रक्तदाब एकशे नव्वदच्या वर होता. आकडी यायच्या आत औषध सुरू झालं. टॅमिया वाचली.

रोशेलनं त्याच संध्याकाळी अभ्यासक्रम फाडला आणि समितीला कळवलं, की वर्गात माता नव्हे, डॉक्टर आणि नर्सेस बसवा. पहिल्या बाकावर मी बसते. समितीचं उत्तर नऊ आठवड्यांनी आलं: भावना पोचल्या, भाषा किंचित सौम्य असती तर विचार करणं सोपं गेलं असतं.

आता वाचकांविषयी. टॅमियानं तीन वेळा सांगितलं. तिचं वाक्य दर वेळी सुधारत गेलं आणि आपणही ते मजेनं वाचत गेलात. पहिल्या वेळीच 'अहो, त्या पोरीचा रक्तदाब बघा' असं कितीजणांच्या मनात आलं?

ज्यांच्या आलं नाही, त्यांनी खट्टू होऊ नये. समितीत दोन जागा रिकाम्या आहेत.