खरातांचं शुक्रवारचं व्याख्यान

शुक्रवारी चार वाजले की खरात स्टीलचा डबा घेऊन टेबलाटेबलापाशी फिरायचे. डब्यात खाऊ नसायचा; आम्ही आमचे मोबाइल त्यात टाकायचो. मग खरात झाकण लावून डबा कपाटावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आता फक्त ऐकायचं."

जालन्यात सळयांच्या कारखान्यांसाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करणारं आमचं छोटं ऑफिस. टेस्टिंग माझ्याकडे. दर शुक्रवारी एकानं बाकीच्यांना काहीतरी शिकवायचं, ही पद्धत खरातांनीच पाडली. दुसरं कुणी उभं राहायचं नाही, म्हणून दर वेळी खरातच. विषयही एकच: "या हप्त्यात मी काय बिघडवलं." एकदा त्यांच्या कोडमुळे रिकामा ट्रक भरलेल्यापेक्षा जड निघाला. ते त्यांनी इतक्या कौतुकानं समजावलं, की माणूस लग्नाचा अल्बम दाखवतोय असं वाटावं.

मालक चिडायचे. "खरात, एवढ्या वेळात दोन कामं निघाली असती."

"निघाली असती सर. अन् चार वापस आली असती."

उन्हाळ्यात खरातांचा आवाज बसला, तो सुटेचना. ते तपासणीचा रिपोर्ट आणायला संभाजीनगरला गेले, नेमका त्याच दिवशी एका कारखान्याचा काटा अडकला. गेटबाहेर ट्रकची रांग. कोडचा तो भाग फक्त खरातांना कळतो, असं आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात नवी अर्शिया म्हणाली, "रुको, ये तो खरात सर ने बताया था." थोड्या वेळात काटा सुरू.

मी खरातांना फोन करून कळवलं.

"मंग जागी होती म्हणायची शुक्रवारी," ते म्हणाले. आणि त्याच सुरात पुढे, "कॅन्सर हाय, ताई. आवाजाची पेटी काढावी लागंल म्हणून राह्यले डॉक्टर."

ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी सगळे न बोलावता जमले. मालकांनी आपला मोबाइल स्वतःच्या हातानं डब्यात टाकला. मी लॅपटॉपला माईक जोडून रेकॉर्डिंग लावलं. खरात थांबत, पाणी पीत बोलले. त्यांनी आणखी बोलावं म्हणून अर्शिया सोपेसोपे प्रश्न विचारत राहिली.

"हे तुला येतं, बेटा. माझा घसा कशाला खर्च करून राह्यली?"

संपल्यावर बाकीचे चहाला गेले. मी रेकॉर्डिंग बंद करायला उठले.

"राहू द्या, ताई. एक काम बाकी हाय."

"काट्याचं?"

"न्हाई. आईचं. तिला दिसत न्हाई. घरात आम्ही दोघंच. जवळ कोण आलंय, हे तिला आवाजावरूनच कळतं. आता बोलतो ते माझ्या मोबाइलात टाकून द्या. लागंल तसं वाजवत जाईन."

त्यांनी माईक ओढून घेतला, कॉलर सारखी केली.

"आई, मी हाय. घाबरू नको."

"आई, हात पुढं कर. गोळी हाय."

"आई, झोप तू. मी इथंच..."

खोकला आला. तो ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालंल?"

"नाही चालणार," मी म्हणाले. "पाणी प्या. शेवटचं पुन्हा म्हणा."