कोंबडी, सिमेंट आणि समुद्र

सातुर्निनानं पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली. बोटभर लांबीची सिमेंटची पोती पडली, काडेपेटीत मावतील एवढ्या विटा पडल्या, आणि सगळ्यात शेवटी, मान ऐटीत वर केलेली एक मातीची कोंबडी.

"हे काय?"

"पिशवी बदललेली दिसते," इलारिओन म्हणाला.

"ते मला दिसतंय. मी कोंबडीचं विचारतेय. साठीला टेकलास म्हाताऱ्या, आणि कोंबडी?"

ला पाझमध्ये हे शेंबड्या पोरालाही कळतं. जानेवारीत अलासितासची जत्रा भरते. वर्षभरात जे हवं असेल त्याची चिमुकली प्रतिकृती विकत घ्यायची आणि दुपारी बाराच्या घंटा वाजत असताना जाणत्याकडून तिला धूप दाखवून घ्यायचा, वर पाकळ्या आणि दारू शिंपडून घ्यायची. मग वर्ष सरायच्या आत ती वस्तू खरी होऊन दारात येते. घर हवं त्यानं घर घ्यावं, मोटार हवी त्यानं मोटार. बायको हवी असेल त्यानं कोंबडी.

सातुर्निनाला समुद्र हवा होता. तो काही मातीचा मिळत नाही, म्हणून तिनं नवऱ्याला एक बस, एक सुटकेस आणि दोन तिकिटं आणायला सांगितली होती. तिची लेक निएवेस सीमेपलीकडे, समुद्रकाठच्या अरीकाला नांदत होती. नात एव्हाना बसायला लागली होती, आणि आजीनं तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहिलं होतं. चुलीपुढे सूप ढवळताना ती आपल्याशीच म्हणे,

"समुद्राच्या गं काठाला, लेक माझी नांदती,
खाऱ्या वाऱ्यावरी तिची, हाक मला ऐकू येती."

ती हाक इलारिओनलाही ऐकू यायची. पण तो बसस्थानकात माहितीच्या खिडकीत बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देश सांगे. राजधान्या दोन, कागदावर सुक्रे आणि कामाला ला पाझ. उंची बाधली तर कोकाचा चहा प्यावा, पहिल्या दिवशी जिने धावत चढू नयेत. नळाचं पाणी पिऊ नये. सीमेवर चीज आणि फळं काढून घेतात. जगात कुणी काही विचारावं आणि इलारिओननं 'माहीत नाही' म्हणावं, असं कधी घडलं नव्हतं. फक्त त्यानं स्वतः ती सीमा कधी ओलांडली नव्हती. साऱ्यांना वाट दाखवणाऱ्या माणसाला आपणच वाट चुकू अशी धास्ती होती, आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. बायकोनं अरीकाचं नाव काढलं की तो म्हणे, "रस्ता बंद आहे." आमच्याकडे कोण कधी संपावर जाऊन रस्त्यात दगड मांडेल याचा नेम नसतो. त्यामुळे निम्म्या वेळा ते खरंही असायचं.

जत्रेतही ही माहिती सांगायची खोडच नडली. बस, सुटकेस, तिकिटं घेऊन तो पैसे देत होता, तेवढ्यात एका उंच परदेशी बाईनं विचारलं, "इथे पाऊस कधी पडतो?" इलारिओन पावसापासून निघाला आणि विजेच्या प्लगाला किती टोकं असतात इथवर पोचला, तर घंटा सुरू झाल्या. एकच झुंबड उडाली. दुकानदारणीनं पुढे केली ती पिशवी घेऊन तो जाणत्याकडे धावला.

"जा, बदलून आण!" सातुर्निना म्हणाली.

"आता कशी बदलणार? धूप लागला. लागला तो लागला."

"म्हणजे वर्षभरात तुला बायको मिळणार?"

इलारिओनची बिनलग्नाची बहीण बेनेदिक्ता दारातच उभी होती. ती कोपऱ्यावर गरमागरम आपी विकायची. मक्याच्या त्या जांभळ्या पेयापेक्षा तिची जीभ जास्त गरम, असं गिऱ्हाइकं म्हणत. "घाबरू नकोस वहिनी," ती म्हणाली. "दादाकडे कोणी आलीच, तर तो आधी तिला देशाची माहिती सांगेल. राजधान्या दोन म्हणेपर्यंत पळून जाईल बिचारी."

सातुर्निना हसली नाही. तिनं कोंबडी फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि नवऱ्याशी अबोला धरला. जेवायला वाढताना ती बेनेदिक्ताला सांगे, "तुझ्या दादाला विचार, बटाटा अजून हवा का. की नवीन येईल ती वाढेल?"

आणि बेनेदिक्तानं ही गंमत आपीच्या पेल्याबरोबर साऱ्या गल्लीला वाटली. पाववाली इलारिओनकडे बघून डोळे मिचकावू लागली. रविवारी पाद्रीबाबांनी त्याला बाजूला घेऊन संसाराचं महत्त्व सांगितलं. गोष्ट केबलगाडीत बसून डोंगरावरच्या एल आल्तोला गेली आणि उतरून आली तेव्हा तिच्यात इलारिओनला बायकोनं अंथरुणासकट घराबाहेर काढलं होतं.

ती ऐकूनच वेन्सेस्लाओ मिस्त्री दारात आला. विधुर माणूस, नखांत वाळलेला चुना, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात पिशवी.

"ती कोंबडी माझी आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "साहेबांना घरात घ्या, बाई. त्यांचा काही दोष नाही."

साहेब टेबलाशी सूप पीत बसले होते. मिस्त्रीनं पिशवीतून बस, सुटकेस आणि दोन तिकिटं काढून मांडली. सातुर्निनानं बसवरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले.

"पण परत करता येत नाही ना," ती म्हणाली. "धूप तुमच्या हातात लागला."

"तेच म्हणतोय. मला दोन तिकिटं लागली, तर मी दोन खरी काढणार. तुम्हाला सिमेंट लागलं, तर गच्चीवर एक खोली मी बांधून देतो. देवाला ताटकळत ठेवू नये."

"आणि कोंबडी?" बेनेदिक्तानं विचारलं.

मिस्त्रीनं प्रथमच मान वर केली. त्याच्या कानांचा रंग विटांसारखा झाला. "ती... तुमच्याच घरात आहे म्हणतात."

"मी काय कोंबडी आहे?" बेनेदिक्ता कडाडली. पण तिनं त्याला आपी दिली, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. असं ती कधीच करत नसे.

पाऊस सरेपर्यंत मिस्त्री विटा रचत राहिला आणि रोज दोन पेले आपी पीत राहिला. मग एके दिवशी त्यानं अरीकाची दोन तिकिटं बेनेदिक्तापुढे ठेवली.

"लग्नाआधी दिवसभर एका बाकावर तुझ्या शेजारी बसू?" ती म्हणाली. "मग लग्नात बोलायला काय उरेल? तू इथे स्लॅब टाक. मी वहिनीला घेऊन जाते."

सातुर्निनानं ठेवणीतला घेरदार झगा घातला, डोक्यावर गोल टोपी ठेवली. इलारिओन म्हणाला, "अगं, रस्ता..." तिनं नुसतं पाहिलं. तो म्हणाला, "...मोकळा आहे. चीज नेऊ नकोस."

चार दिवसांनी खिडकीत एक तरुण जोडपं आलं. "अरीकाचा समुद्र कसा आहे हो?"

इलारिओननं तोंड उघडलं. किनारा, भरती, माशांचे भाव, सगळं जिभेवर होतं. पण घर चार दिवस सुनं होतं आणि चुलीपुढे कोणी गुणगुणत नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "माझी बायको गेलीय. ती आज येईल, तिला विचारा."

तेवढ्यात फोन वाजला.

"म्हाताऱ्या, जेवलास का?" कित्येक महिन्यांनी तिचा आवाज असा सैल होता. मागे काहीतरी मोठं श्वास घेत होतं आणि एक बाळ खिदळत होतं. "अरे, मी आज येत होते. पण इथे म्हणतात, रस्ता बंद आहे."

खिडकीसमोर, सात नंबरच्या फलाटावर, अरीकाची बस वेळेवर येऊन थांबली होती. उन्हानं नाकं सोललेली माणसं पायांतली वाळू झटकत उतरत होती.

इलारिओननं फोन कानाशी घट्ट धरला.

"हो गं," तो म्हणाला. "आमच्याकडेही तीच बातमी आहे. चांगले पंधरा दिवस बंद राहील म्हणतात."