शेषगिरींना आज कापायचं

बुधवारी सकाळची मीटिंग संपली आणि शुभंकर माइक बंद करायला विसरला. घरून काम करणाऱ्या माणसाच्या हातून असं होतंच. पण त्याच्या कंपनीने दोन महिन्यांपूर्वी मीटिंगची टिपणं काढायला एक यंत्र आणलं होतं. त्याला म्हणे सगळ्या भारतीय भाषा कळायच्या, आणि कोणी थांबवेपर्यंत ते ऐकत बसायचं. ते आल्यापासून अकरा जणांच्या टीममधल्या पाच जणांची नोकरी गेली होती. उरलेल्या सहांत शुभंकर सगळ्यात नवा, त्यामुळे रोज मेल उघडण्याआधी तो विषयाची ओळ दोनदा वाचायचा.

“अरे, शेषगिरींचं काय करायचं?” बाल्कनीतून सुखदा ओरडली. “दोन दिवस पोत्यात गुंडाळून ठेवलंय त्यांना. आता अख्ख्या मजल्यावर वास सुटलाय!”

शेषगिरी म्हणजे शुभंकरचे साहेब. तीन पिढ्या बेंगळुरात काढलेला, घरी मराठी बोलणारा, पण ‘जरा’ला कानडी ‘स्वल्प’ आणि ‘ठीक’ला ‘सरी’ म्हणणारा मोठ्या मनाचा माणूस. सोमवारी शेतावरचा एक भला मोठा फणस शुभंकरच्या हवाली करून ते रजेवर पुन्हा तुमकुरूकडे शेतावर गेले होते. आणि ज्याने दिलं त्याचं नाव वस्तूला द्यायची ही सुखदाची जुनी खोड. त्यांच्या घरी मिक्सरलाही आत्या म्हणत.

“आज कापून टाकू,” शुभंकर म्हणाला. “मोठी सुरी काढ. खाली पेपर पसर, फरशी खराब होईल. हाताला तेल लाव.”

“आणि आठळ्या?”

“त्या वेगळ्या ठेव, उकडू. थोडं समोरच्या उल्काताईंकडे दे. एवढं आपल्याला संपणार आहे का?”

दहा मिनिटांनी यंत्राच्या टिपणांचा मेल कंपनीतल्या बत्तीस जणांना गेला. त्यात स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं, की शेषगिरी यांना दोन दिवसांपासून पोत्यात ठेवले असून आज कापण्याचे ठरले. जबाबदारी शुभंकर. साहित्य मोठी सुरी, तेल, वर्तमानपत्र. आठळ्या हा शब्द काही यंत्राला आला नाही, म्हणून तिथे त्याने अंदाजाने ‘अवयव’ असं लिहिलं. ‘अडचणी’ या सदरात फक्त वास होता.

शुभंकरने तो दोनदा वाचला. खुलासा लिहायला बसेपर्यंत त्याचं ऑफिसचं खातं बंद झालं होतं. मग एच.आर.मधल्या वेदिकाचा फोन आला.

“शुभंकर, शेषगिरी सरांचा फोन लागत नाहीये. व्हॉट इज धिस?”

“अगं, तो फणस आहे!”

“सरांना काय बोलतोयस तू?”

“सरांना नाही, फणसाला! तू मुंबईची ना? रेकॉर्डिंग ऐक, दोन मिनिटांत कळेल तुला.”

“मला रेकॉर्डिंगचा ॲक्सेस नाही. ते प्रेमाअक्का चेक करायच्या, पण त्यांना मार्चमध्ये काढलं ना. आता सिस्टीमच सिस्टीमला चेक करते. हे बघ, मला पर्सनली पटतंय तुझं. पण माझ्या पटण्याला इथे कॉलमच नाही.” तीही जपूनच बोलत होती. तिच्या खात्यात आता दोघीच उरल्या होत्या.

पुरावा म्हणून अख्ख्या फणसाचा फोटो पाठवावा, असं शुभंकरला सुचलं. तो बाल्कनीत धावला. सुखदाने तोवर मन लावून निम्मा फणस कापला होता.

“कापलास?”

“तूच म्हणालास ना!”

एवढ्यात बेल वाजली. दारात सिस्टीमने तपासाला पाठवलेला कंपनीचा सुरक्षा अधिकारी पिराजी उभा होता. सुखदाने एका हातात सुरी आणि कोपरापर्यंत तेल अशा थाटात दार उघडलं. पिराजी दोन पावलं मागे सरकला. मग त्याला वास आला.

“फणस हाय व्हय?” तो म्हणाला. बेळगावकडचा माणूस, त्याला वासावरून कळलं. त्याने चार गरे खाऊन पुरती खात्री करून घेतली.

“आता तेवढं लिहा तुमच्या मोबाइलमध्ये,” शुभंकर हात जोडून म्हणाला.

“लिवाय येत न्हाई, साहेब. दोनच बटनं हाईत. ‘व्यक्ती आढळली’ आन् ‘व्यक्ती आढळली नाही’.”

पिराजी प्रामाणिक माणूस होता. घरात शेषगिरी खरोखरच नव्हते. त्याने दुसरं बटण दाबलं.

मग चार तास काहीच आलं नाही. पोलीस येतील की काढून टाकल्याचं पत्र, याचा अंदाज बांधत शुभंकर पंख्याकडे बघत बसला. भाडं, गावी जायचे पैसे, वडिलांना काय सांगायचं, सगळं डोक्यात फिरत होतं. साडेचारला वेदिकाचा फोन आला.

“सर सापडले! शेतावर आहेत. तुझी एन्क्वायरी क्लोज, खातं चालू. कॉन्ग्रॅट्स.”

शुभंकरला रडूच आलं.

“अजून एक,” ती हळू आवाजात म्हणाली. “तू कोणाला बोलू नकोस. सर ‘आढळले नाहीत’ म्हटल्यावर सिस्टीमने त्यांची सगळी कामं स्वतःकडे घेतली. दिवसभर कुठे काही अडलं नाही, एकाचीही कम्प्लेंट नाही. मॅनेजमेंटला ते फार आवडलं. सरांची पोस्ट बंद होतेय. सोमवारी लेटर. त्यांना आधी कळलं तर तुझी फाइल परत उघडेल, सो प्लीज.”

तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा आला.

“काय रे शुभंकर, मला पोत्यात घातलास म्हणे!” शेषगिरी खो खो हसत होते. “रेंजसाठी स्वल्प टेकडीवर चढलो, तर चाळीस मिस्ड कॉल! वेदिका सांगितली सगळं.”

“सॉरी, सर.”

“सॉरी कशाला रे? भ्यालास होय? ते यंत्र लिहीना काय पाहिजे ते. मी आहे तोवर माझ्या माणसाला कोण हात लावत नाही बघ. सरी ना?”

शुभंकरने फोन या कानाचा त्या कानाला लावला. समोर सुखदा त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

“सरी, सर,” तो म्हणाला.