धनुष्य लागलं नाही अजून

माझ्या शेजारचे नामदेव भाऊजी रोज सकाळी चहाच्या आधी धनुष्याला दोरी चढवतात आणि अंधार पडायच्या आत उतरवतात. दोन वर्षं झाली. रानडुकराच्या दिशेनं एक बाण गेलेला नाही.

धनुष्य लाकडी आहे, दोन्ही टोकं उलट वळलेली. चिखलीच्या कुरिअरवाल्याकडून आणलं तेव्हा अर्धं गाव बघायला आलं. ते पायात अडकवून मांडीवर वाकवायचं आणि दोरी खाचेत सरकवायची. भाऊजी तेव्हा डोळे मिटतात. मीही मिटते. निसटलं तर कोणाचा तरी दात जायचा. मग मूठ लावून, वर अंगठा उभा करून, लाकूड आणि दोरीतलं अंतर मोजतात. कमी भरलं की दोरी उतरवून पीळ देतात, जास्त भरलं की पीळ काढतात. बाण बसवायच्या जागी लाल दोऱ्याची गाठ आहे. तीही रोज गव्हाच्या दाण्याएवढी वर-खाली होते.

"झालं काय?"

"लागलं नाही अजून, वहिनी."

पारावरचे लोक सोडत नाहीत. "काऊन नामदेवभाऊ, डुकरं म्हातारी होऊन मरून राह्यली, तुमचं काई लागून नाही राह्यलं!"

"वनखात्याचा डुकरं मारायच्या परवानगीचा कागद यायचा हाये. कागद आला अन् हे तयार नसलं तं?"

लोक हसतात. मला हसू येत नाही. आमच्या घरांमागून बांध सुरू होतो, त्याच वाटेनं मी रोज शेतात जाते. मका डोक्याच्या वर गेला की दोन हातांपलीकडचं दिसत नाही. पान हललं तरी मी थांबते. भाऊजींच्या लेकीला, सुमनला, तिथंच डुकरानं फाडलं. भाऊजी विहिरीवर होते, मोटर चालू होती. तिची हाक त्यांना ऐकू गेली नाही. तेरावा झाला आणि त्यांनी धनुष्य मागवलं.

दोरीला लोकरीचे दोन गोंडे आहेत, सुमनच्या स्वेटरचे. दोरी झणझणू नये म्हणून, असं ते सांगतात.

"बाण सोडतच नाही तं वाजन कशी?" मी तोंडावर विचारलं.

परवा सकाळी मी घरामागं वळले आणि समोर, पंधरा पावलांवर, डुक्कर. काळं, मानेवरचे केस ताठ. माझे पाय जमिनीत रुतले. ते बघत होतं, मी बघत होते.

तेवढ्यात मागून भाऊजी धावत आले आणि माझ्यापुढं उभे राहिले. धनुष्य वर धरलेलं. बाण आणलाच नव्हता. तोंडातून जी आरोळी निघाली ती माणसाची वाटली नाही. डुक्कर वळलं आणि मका मोडत निघून गेलं.

आम्ही दोघं तिथंच खाली बसलो. जरा वेळानं माझी नजर धनुष्याकडं गेली.

"भाऊजी, दोरी उलट्या अंगानं चढवली तुम्ही."

त्यांनी बघितलं. "घाईत झालं."

"पण तुमाले कळलं कसं? मी तं हाक बी मारली नाही."

"तुमी रोज बांधावर चढतानी खोकता, वहिनी." ते गोंड्याची लोकर सारखी करत होते. "आज खोकल्या नाही."

माझा खोकला मागच्याच आठवड्यात दवाखान्याच्या गोळ्यांनी बरा होत आला होता. आता पूर्ण गेलाय. तरी बांधावर चढताना मी दोनदा खोकते, चांगली मोठ्यानं.

मग ओट्यावरून भाऊजींचा आवाज येतो, "लागलं नाही अजून!"

तो ऐकला की मी मक्यात शिरते.