आठ मिनिटं आणि दोन दात

गेल्या तीस वर्षांत शहादा तालुक्यात घोड्यावर बसलेले नवरदेव मोजले, तर निम्मे माझ्या क्लॅरिनेटमागे चाललेले निघतील! मी भूपेंद्र, लोणखेड्याचा बँडमास्तर. हाताखाली तेरा माणसं. कुठलंही नवं गाणं मोबाइलवर दोनदा ऐकवा, तिसऱ्यांदा आमचा बँड ते तुमच्या दारात वाजवून दाखवेल.

पण लोकांची गाणी वाजवता वाजवता माझं एक गाणं राहून गेलं. शब्द नाहीत त्याला, नुसती धून. आठ मिनिटांची.

बावीस वर्षांपूर्वी मी बँड सांभाळून पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला होतो. बायको, जमनाबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. संध्याकाळी पाळी सुटताना भोंगा वाजायचा आणि मला घरी जायचंच नसायचं, कारण घरी कोणी नव्हतं. एके दिवशी तोच भोंग्याचा सूर धरून मी क्लॅरिनेट फुंकायला बसलो. त्यातून धून निघाली. जमनाबाई परत आल्यावर तिला ती मोठ्या हौसेने वाजवून दाखवली. दुसऱ्या ओळीला ती म्हणाली, "ती पिपानी ठेवा आते बाजूले, दूध उतू जाई ऱ्हायनं."

त्यानंतर ती धून कुणी पुरती ऐकली नाही. वरातीत सुरू करावी, तर अर्ध्या मिनिटात कुणीतरी समोर येऊन नागिणीसारखा फणा काढून उभा! मग काय, वाजवा नागीण. वाईट वाटायचं. आतून पोखरल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्यात यंदा दातांच्या डॉक्टरांनी बॉम्ब टाकला. वरचे पुढचे दोन दात हलतायत, म्हणाले, फुंकणं बंद करा, नाहीतर दिवाळीच्या आत हातात येतील. क्लॅरिनेट वरच्या दातांवर टेकवून धरायची असते. माझ्या उस्तादांचे दात गेले आणि त्याच दिवशी त्यांची वाद्याची पेटी माळ्यावर गेली, ती गेलीच. बसवलेल्या दातांनी त्यांना परत तो सूर काही सापडला नाही. शिवाय धून फक्त माझ्या डोक्यात. आमच्या बँडमध्ये सूर लिहून ठेवायची पद्धत नाही, सगळे माझ्याकडे बघून वाजवतात.

म्हणून ठरवलं. दात जायच्या आत एकदा, फक्त एकदा, चार माणसांसमोर ती धून पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवायची!

संधी चालून आली. शहाद्याचे छगनलाल शेठ, कापडाचे जुने व्यापारी, वय चौऱ्याऐंशी, यांच्या नातीचं, चांदनीचं लग्न. नवरदेव नमन, नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याचा मुलगा. शेठच्या छातीत मध्यंतरी जरा कळ येऊन गेलेली, म्हणून डीजे बंद, फक्त बँड. मी बेत आखला. पाटाच्या वळणावर वऱ्हाडी सरबताला थांबतात, नाचून दमलेले असतात. तिथे सुरू करायची. वळणापासून मंगल कार्यालयाच्या फाटकापर्यंत बरोबर आठ मिनिटं.

आठवडाभर तालीम घेतली. सगळे खूश. फक्त आमचा ढोलवाला बाज्या कान खाजवत म्हणाला, "मास्तर, हाई धीमं शे. आपन धीमं कवय वाजाडतस, ध्यानमा शे ना?"

मी त्याला गप्प बसवलं. ढोल बडवणाऱ्याला धुनेतलं काय कळतं!

कळत होतं. त्यालाच कळत होतं. आमच्याकडे पणतू पाहिलेलं म्हातारं माणूस गेलं की त्याला वाजतगाजत नेतात. तेव्हा आम्ही संथ भजनं वाजवतो, आणि ढोलावर फडकं टाकतो म्हणजे आवाज दबका येतो. संथ आम्ही फक्त तेवढ्याच वेळी वाजवतो. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण बावीस वर्षांची हौस डोळ्यांवर आली की माणसाला स्वतःचा धंदाही दिसत नाही.

वळण आलं. वऱ्हाडी घाम पुसत उभे राहिले. मी क्लॅरिनेट उचलली आणि भोंग्याचा तो सूर धरला. बाज्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि त्याने ढोलावर फडकं टाकलं.

काय सांगू! पहिल्याच ओळीला सगळं वऱ्हाड स्तब्ध. दुसऱ्या ओळीला पुरुषांनी फेटे काढून हातात घेतले. नवरदेव घोड्यावरून उतरला! मला वाटलं, हा मान माझ्या धुनेचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. जमनाबाईशिवायच्या त्या संध्याकाळी, ते रिकामं घर, सगळं सुरात उतरत होतं आणि शंभर माणसं माना खाली घालून ऐकत होती.

तेवढ्यात कुणी खांद्यावर हात ठेवला. वरात घ्यायला सामोरे आलेले दिनेशशेठ, नवरीचे काका, छगनलाल शेठचे चिरंजीव. चेहरा पांढराफटक.

"मास्तर, आमना बाबा गयात का?"

तोंडात क्लॅरिनेट. उत्तर कुठून देणार? आणि ताल धरताना माझी मान खाली-वर होते, ही जन्माची सवय. रडत रडत मी मान डोलावत राहिलो. त्यांनी एक हंबरडा फोडला. मला वाटलं, केवढा हा दर्दी माणूस!

पुढचं मला नंतर कळलं. बातमी मोटरसायकलवर बसून माझ्याआधी कार्यालयात पोचली. आचाऱ्याने जिलबीची भट्टी विझवली. भटजींनी पंचांग उघडून पुढचा मुहूर्त शोधायला घेतला. शेठच्या पत्नी कंकुबाई ओट्यावर कोसळल्या आणि त्यांच्याभोवती बायकांनी गळे काढले. शेठ कुठे आहेत हे बघायचं कुणाला सुचलंच नाही. ते वरच्या गार खोलीत दुपारपासून झोपले होते.

रडारडीने त्यांना जाग आली. अंगातल्या बंडीवरच खाली उतरले, फाटकातून येणारी माझी धून त्यांनी ऐकली आणि गेलेलं माणूस वरपक्षाकडचं असावं असं समजून गुपचूप पुरुषांच्या ओळीत मांडी घालून बसले. शेजारच्याच्या पाठीवरून हात फिरवत धीर देऊ लागले. शेजारच्याने मान वर करून पाहिलं आणि तो किंचाळला.

मग जो गोंधळ उडाला, त्यात माझी धून थांबली. पाच मिनिटं झाली होती. तीन राहिली.

आम्ही कार्यालयात पोचलो आणि शेठ जिवंत आहेत याचा आनंद उरकल्यावर सगळे माझ्याकडे वळले. नवरदेवाचे वडील बाह्या सरसावून आले. आमचा ट्रंपेटवाला कुंदन मंडपाच्या पडद्यामागे गेला, तो दुसऱ्या दिवशी लोणखेड्यालाच भेटला. बाज्या मात्र शेजारी उभा राहिला, फडक्याची घडी घालत. मला मार खायचंही काही वाटत नव्हतं. राहिलेल्या तीन मिनिटांचं वाटत होतं.

तेवढ्यात वरून निरोप आला, शेठ बोलावतात. मी खाली मान घालून खोलीत गेलो.

"हाई जे तू वाजाडं, ते पुरं शे का?" शेठनी विचारलं.

मी सांगितलं, आठ मिनिटांची आहे, माझी स्वतःची आहे, बावीस वर्षं झाली, कुणी पुरती ऐकली नाही. बोलता बोलता पुन्हा रडलो.

"मले वाटनं, कोनी तरी नशीबवान गये," शेठ म्हणाले.

तीस वर्षांत मला अशी दाद कुणी दिली नव्हती. मी लगेच क्लॅरिनेट उचलली. शेठनी हात वर केला. खाली नुकत्या सावरलेल्या कंकुबाई होत्या.

"आज नही. मन्हा दिनले वाजाडजो. पुरं. मझारमा थांबानं नही. आनि तोवर कोठेच वाजाडू नको, हाई आते मन्हं शे."

मी त्यांच्या पायाला हात लावून शब्द दिला. मग त्यांनी विचारलं, घरून अमरधामपर्यंत किती वेळ लागतो. मी म्हणालो, खांदेकरी सावकाश चालले तर चोवीस मिनिटं.

"मंग तीनदाव व्हई," शेठ समाधानाने म्हणाले.

तीनदा! एकदासाठी झुरलेल्या माणसाला तीनदा! मी हवेत तरंगत घरी आलो. जमनाबाईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, शेठची तब्येत कशी आहे.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता मी रोज पहाटे लोणखेड्याच्या रस्त्यावर उभा असतो. शेठ झपाझप येतात, चार किलोमीटर चालून. छातीतली कळ गेली म्हणतात, त्या दिवशी मेल्याची बातमी उठली म्हणून आयुष्य वाढलं. मी नमस्कार करतो. देवाशपथ सांगतो, त्यांचं वाईट मनात येत नाही. फक्त हसताना तोंड मिटून ठेवतो, कारण एक दात शुक्रवारी पडला.