बखर बिनसड्याच्या गुरुवाराची

श्री. चढ देणारा तो, उतार देणारा तोच. परंतु उतारावर थांबावयाची सोय मनुष्यानें आपली आपण पाहावी, ऐसें जाणून त्याचे चरणीं मस्तक ठेवून लेखनास आरंभ केला असे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास मार्गशीर्ष. हकीकत जैसी जाहली तैसी ऐकावी. लिहिणाराचें नांव विचारूं नये. खरें लिहून नांवही सांगावें, इतकी आमची छाती नाहीं.

घाटमाथ्यावर एक राज्य होतें. उत्तरेस जाईचा वेल, दक्षिणेस शेजाऱ्यांची भिंत, पूर्वेस पाण्याची टांकी आणि पश्चिमेस लोखंडी फाटक, इतकी त्याची चतुःसीमा. राज्यावर मुकुंदराव महाराज होते. स्वभावें सात्त्विक, रोज डबा घेऊन कचेरीवर स्वारी करीत आणि दिवेलागणीस परतत, छापील कागद आणि त्यावरील शिक्का यांजवर त्यांची निष्ठा अढळ. राणी मंदाकिनीबाईसाहेब शाळेंत गणित शिकवीत, बोलणें थोडें, परंतु बोलल्या म्हणजे माघार नाहीं. महाराजांच्या मातुश्री अंबूबाईसाहेब वयोवृद्ध, तरी अंगणाचा कारभार त्यांनी कोणाच्या हातीं दिला नव्हता. रोज पहांटे उठावें आणि शेण कालवून फरशीवर सडा घालावा आणि मग रांगोळी काढावी, ऐसा नेम. आजारपणांतही मोडिला नाहीं. राज्यांत राखी रंगाचा एक चार चाकी रथ होता. महाराजांस रथ हांकण्याचें भय वाटे, म्हणोन सारथ्य राणीसाहेबांकडे होतें, आणि त्या घाटांतील वळणें ऐसीं घेत कीं मागें बसलेल्या मातुश्रींच्या मांडीवरील ताकाचें भांडें हिंदकळत नसे.

ऐसें सर्व सुखरूप चाललें असतां रथ घडविणाऱ्या दूरदेशीच्या कारखानदारांचें फर्मान आलें, जे, अमुक सालीं घडविलेल्या समस्त रथांच्या ब्रेकांच्या नळीस गंज धरतो ऐसें ध्यानीं आलें, तरी रथ माघारी आणावे, नळी फुकट बदलून देऊं. ब्रेक म्हणजे रथाचा लगाम. पायाखालची पट्टी दाबिली म्हणजे नळींतून तेल धांवतें आणि चाकांस आवळून धरतें, तेणें रथ उभा राहतो. तेल गळालें तर पाय दाबणारा दाबीत राहतो आणि रथ आपल्या मर्जीनें जातो. फर्मान वाचून महाराज बहुत संतोष पावले, कीं चूक आपण होऊन कबूल करणारे लोक आजकाल कोठें मिळतात, आणि रथ दुरुस्तीच्या ठाण्यावर रवाना जाहला. तेथें त्रिंबकपंत म्हणोन ठाणेदार होते. गोड बोलणारे, पांढरा स्वच्छ सदरा, मनुष्य वाईट नव्हे. त्यांच्या ठाण्याची रीत ऐसी कीं रथ आला म्हणजे प्रथम तो धुवावा आणि मग पाहावा, कीं मळका रथ पाहणें हा गिऱ्हाइकाचा अपमान. त्या दिवशीं फर्मानाचे रथ दाराबाहेर रांगेनें उभे, कामकरी घाईस आलेले. नळी बदलली आणि डाव्या मागल्या चाकाजवळ सांध्यावर नट बसविला तो आट्यांत सरळ न जातां तिरका गेला, आणि पान्याचा जोर लावून तैसाच आवळिला. मग रथ पुनः धुतला, पुसला, आंत सुगंध मारिला आणि कांचेवर गोल शिक्का चिकटविला, "दुरुस्त". महाराजांनीं शिक्क्यास बोट लावून पाहिलें आणि समाधान मानिलें.

थोडे दिवस लोटले आणि राणीसाहेबांच्या पायास फरक कळला. चौकांत रथ उभा करून पाय दाबून धरावा, तों पट्टी हळूहळू खालीं जाई, जैसें कोणी तळघरांतून ओढीत आहे. मग राणीसाहेब शाळेंतून परस्पर ठाण्यावर गेल्या आणि हकीकत सांगितली. त्रिंबकपंतांनीं खुर्ची दिली, चहा मागविला आणि म्हणाले, "मॅडम, नळी नवी कोरी आहे. अजून तुमचा हात बसला नसेल तिच्यावर."

"हात कधीच बसलाय," राणीसाहेब म्हणाल्या. "आता पाय बसतोय. पार तळापर्यंत."

पंत हंसले, आणि कामकरीही हंसले. मग तेलाचें भांडें उघडिलें, तेल कमी दिसलें तें भरिलें, रथ धुतला आणि दुसरा शिक्का पहिल्याशेजारीं चिकटविला. तेल कमी कां जाहलें हें कोणी विचारलें नाहीं. ऐसीं माणसें राज्यांत असलीं म्हणजे शत्रूची गरज पडत नाहीं, हें आमचें मत, कोणास रुचो न रुचो. राणीसाहेबांनीं एके सायंकाळीं रथाखालीं वर्तमानपत्र पसरलें, निजण्याआधीं त्यावर डाग पडला तो घेऊन दुसरे दिवशीं पुनः ठाण्यावर गेल्या. पंतांनीं कागद उजेडांत धरिला आणि म्हणाले, "अहो, भजी निथळत ठेवली तरी असाच डाग पडतो. कागदावरचं मी काय धरून चालू? जमिनीवर दाखवा, आमचा माणूस येऊन बघेल." माणूस आला, दिवस चांगला वर आल्यावर आला, आणि अंगण आरशासारखें स्वच्छ, ओणवा होऊन पाहिलें, गळतीचा मागमूस नाहीं, ऐसें सांगून गेला. पुनः आला, पुनः तेंच. राणीसाहेब स्वतःही शोधीत, त्यांसही कांहीं दिसेना, आणि कागदावरचा डाग दुसऱ्याच कशाचा असेल, आपलाच पाय खोटा बोलतो कीं काय, ऐसा संशय त्यांस येऊं लागला. मनुष्यास आपल्या पायाचा भरंवसा न वाटणें यासारखें दुःख नाहीं.

इतक्यांत घाटाखालून निरोप आला, जे, मातुश्रींचे बंधु भिकाजीराव अंथरुणास खिळले आहेत आणि अंबूताईस एकदां पाहावें म्हणतात. मातुश्रींनीं अन्न वर्ज्य केलें. मग महाराजांनीं शुक्रवारीं निघण्याचा बेत ठरविला, तिघांनीं रथांतून जावें आणि सारथ्य राणीसाहेबांनीं करावें. राणीसाहेब म्हणाल्या, "या गाडीतून मी घाट उतरणार नाही." हें ऐकून महाराजांचा चेहरा उतरला.

"दोनदा शिक्का मारलाय त्यांनी. ते खोटा मारतील?"

"शिक्का काचेवर आहे. ब्रेक खाली आहेत."

"तिला माझ्या माहेरी जायचं नाही, असं सरळ म्हण ना," मातुश्री आंतून बोलल्या. "भाऊ माझा आहे. तिचा कुठे आहे?" हा घाव राणीसाहेबांस लागला. डोळे भरून आले, तें लपवावयास त्या अंगणांत गेल्या.

दुसरे दिवशीं बुधवार. राणीसाहेब पहांटेच उठून ओट्यावर बसल्या होत्या, आणि मातुश्री सडा घालीत होत्या. मातुश्रींचें काम चोख. उघड्या फरशीवर तर पाणी फिरविलेंच, परंतु वांकून रथाखालींही हात घातला आणि मागल्या चाकाशीं शेणपाण्याचा सपकारा मारून खराट्यानें सर्व गटारीकडे लोटलें. हें ब्रेकांचें तेल पाण्यांत विरून जातें, साध्या तेलासारखें तरंगत नाहीं. राणीसाहेबांच्या मनांत लख्ख उजेड पडला, जे, रात्रभर रथ गळतो आणि पहांटे सासूबाई पुरावा धुऊन काढतात, आणि ठाण्यावरही तेंच, आधीं धुणें आणि मग पाहणें. राग कोणावर करावा? ज्या हातांनी घर राखलें त्याच हातांनी हा घात झांकला, आणि त्या हातांस ठाऊकही नाहीं. मग त्या उठून जवळ गेल्या आणि म्हणाल्या,

"आई, उद्या सडा घालू नका."

मातुश्री कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काय बोलतेस? मार्गशीर्षातला गुरुवार आहे उद्या. लक्ष्मी मांडायची घरात. आणि अंगण कोरडं? लोक काय म्हणतील, कुणाचं सुतक आलं?"

"म्हणू देत. एकच दिवस."

"मी जिवंत आहे तोवर नाही."

राणीसाहेबांनीं वाद घातला नाहीं. मातुश्रींचा हात धरिला, रथाचें दार उघडिलें आणि त्यांस सारथ्याच्या जागीं बसविलें. मातुश्री त्या आसनावर जन्मांत बसल्या नव्हत्या. राणीसाहेब खालीं फरशीवर बसल्या, सासूबाईंची वहाण काढिली आणि पाऊल आपल्या हातानें ब्रेकाच्या पट्टीवर ठेविलें, आणि रथ चालू करून म्हणाल्या, "दाबा. आणि दाबूनच ठेवा." मातुश्रींनीं दाबिलें. पट्टी क्षणभर ताठ राहिली आणि मग हळूहळू, कांहीं आवाज न करितां, त्या वृद्ध पावलाखालून खालीं जाऊं लागली, आणि तळास टेकली.

"अगं, हे चाललंय की खाली," मातुश्री म्हणाल्या. "ओल्या शेणात पाय जातो तसं."

"घाटात वळणावर असं झालं तर मी काय करू, आई? मागे तुम्ही असाल."

मातुश्रींनीं पाऊल उचलून पुनः एकदां दाबून पाहिलें. मग वहाण आपली आपण पायांत सरकविली आणि स्वयंपाकघरांत गेल्या, आणि त्या दिवशीं सुनेस टाकून बोलल्या नाहींत.

गुरुवारीं पहांटे मातुश्री नेमानें उठल्या. बादली भरलेली, शेण आणलेलें, हात शिवशिवत होते. तरी पदर आवळून ओट्यावर बसून राहिल्या, आणि त्यांस रडूं आलें, तें त्यांनीं येऊं दिलें. उजाडलें आणि फरशीवर डाव्या मागल्या चाकाच्या आंत ताटाएवढा काळसर ओलावा दिसूं लागला, आणि चाकाच्या आंतल्या अंगास थेंब लोंबत होता, पडत होता, आणि त्याजागीं दुसरा येत होता. महाराज दांत घांसत बाहेर आले, पाहिलें, आणि तोंडांतला फेस तैसाच राहिला. मग महाराजांनीं ठाणेदारास दूरध्वनी लाविला. "पंत, तुम्ही स्वतः या, आत्ताच या, गाडीचं," इतकेंच बोलले आणि यंत्र खालीं ठेविलें.

इकडे रस्त्यावर काय जाहलें तें ऐका. शेजारील संस्थानच्या शालूताई फुलें घेऊन जात होत्या, त्यांनीं फाटकांतून पाहिलें तों अंगण कोरडें, रांगोळी नाहीं, मार्गशीर्षातला गुरुवार आणि अंबूबाई ओट्यावर डोळे पुसत बसलेल्या. भिकाजीराव आजारी हें सर्वांस ठाऊक, आणि मातुश्रीही थकलेल्या, आणि रथ घाटांत जाणार हेंही ठाऊक. शालूताईंनीं फुलें पिशवींत टाकिलीं आणि गल्लींत वर्दी दिली. मग बायका आल्या, डोकीवर पदर घेऊन आल्या, पुरुष आले आणि फाटकाशीं खालमानेनें उभे राहिले, आणि कोणी चहाची किटली भरून आणिली, कीं सुतकाच्या घरीं चूल पेटत नसते. कोणी कांहीं विचारीना, कोणी कांहीं सांगेना. राणीसाहेब सांगावयास उठल्या तों मातुश्रींनीं त्यांचा हात धरून खालीं बसविलें आणि म्हणाल्या, "थांब. तो येऊ दे आधी."

त्रिंबकपंत आले ते आपल्या दुचाकीवरून, मागें दोन कामकरी. गल्ली भरलेली पाहिली. पांढरे पदर, खालीं गेलेल्या माना, कोरडें अंगण, मध्यें राखी रथ आणि कांचेवर आपले दोन शिक्के. दुचाकी उभी करण्याचेंही भान राहिलें नाहीं, ती आडवी पडली. माणसांनीं वाट दिली, तींतून पंत आंत आले. राणीसाहेब मातुश्रींच्या पलीकडे, खांबाआड बसल्या होत्या, त्या पंतांस दिसल्या नाहींत, आणि गेल्या त्या राणीसाहेबच, ऐसें पंतांनीं मनाशीं धरिलें. चहाच्या वेळीं हंसले होते तें त्यांस त्या घडीस आठवलें असावें, कीं पायरीशीं येऊन दोन्ही हात जोडिले. मग म्हणाले,

"आई... कोण गेलं?"

मातुश्रींनीं बोट रथाखालच्या डागाकडे केलें.

"अजून कुणी नाही," त्या म्हणाल्या. "उद्या आम्ही तिघं जाणार होतो."

पंतांनीं कामकऱ्याकडून पाना घेतला. पांढऱ्या सदऱ्यानिशीं त्या कोरड्या फरशीवर उताणे पडले आणि सरपटत रथाखालीं गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहींत. बाहेर आले तेव्हां तिरका नट त्यांच्या मुठींत होता आणि गाल ओले होते. तें तेल नव्हे, हें जवळ उभे असलेल्या सर्वांनीं पाहिलें.

तात्पर्य इतकेंच. रथ दोरखंडानें ओढून नेला, आणि त्या फर्मानानें नळी बदललेले त्या ठाण्याचे समस्त रथ पुनः बोलाविले, व न धुतां तपासिले. त्यांत आणखी कांहीं तैसेच निघाले. मातुश्री शुक्रवारीं महामंडळाच्या बसनें घाट उतरल्या, शेजारीं राणीसाहेब, आणि भिकाजीरावांस डोळेभर पाहिलें. महाराजांनीं कांचेवरचे शिक्के नखानें खरवडून काढिले. त्या राज्यानें एक दिवस सुतक पाळिलें, आणि मेलें कोणी नाहीं.