महिला व बालविकास मंत्र्यांची आई

"मम्मा, मैं मिनिस्टर बन गई!" दप्तर सोफ्यावर भिरकावत ईश्वरीने जाहीर केलं. तेव्हा ऋजुता एका हाताने कुकरचं झाकण लावत होती आणि दुसऱ्या हाताने राजसच्या तोंडातून खडू काढत होती.

"कसली मिनिस्टर?"

"यूथ पार्लमेंट है ना स्कूल में. बुधवार को. महिला एवं बाल विकास मंत्री."

"विरोधी पक्षात नाही घेतलं तुला?"

"चिट्ठी निकाली थी. मेरी गवर्नमेंट निकली."

ऋजुताचा चेहरा पडला. सरकार या गोष्टीशी तिचं आयुष्यात कधी पटलं नव्हतं. मिरजेत वाढली तेव्हा तिथलं सरकार बिनकामाचं होतं, पुण्यात नोकरी लागली तेव्हा ते आणखी बिनकामाचं झालं. चंदीगडला आल्यावर तर तिची चंगळच झाली. एकाच शहरात दोन राज्यांच्या राजधान्या, वरून केंद्राचा कारभार, म्हणजे शिव्या घालायला तीन सरकारं घरबसल्या मिळाली. पोळ्या लाटताना ती रोज एकेकाला धुऊन काढायची. नवरा सर्वेश हवाई दलात, सध्या जोधपूरला. नोकरीमुळे त्याला राजकारणावर बोलायची मुभा नव्हती, आणि घरी बोलायची मुभा ऋजुताने दिली नसती.

"मी नाही लिहिणार सरकारचं भाषण," ती म्हणाली. "माझ्या हाताला लकवा भरेल."

"ठीक है. कंप्यूटर से लिखवा लेती हूँ."

हे मात्र तिच्या जिव्हारी लागलं. शाळेत असताना वक्तृत्वाची ढाल तीन वर्षं तिच्याकडे होती. "आण इकडे तो कागद," ती म्हणाली.

विरोधी पक्षाचा प्रश्न शाळेने आधीच छापून दिला होता: 'दफ़्तरों में क्रेश क्यों नहीं हैं?' म्हणजे कचेऱ्यांत पाळणाघरं का नाहीत.

ऋजुता वाचून हसली आणि हसता हसता थांबली. कारण शहराच्या मनीमाजरा भागातल्या ज्या बलजीत आंटींकडे राजस दिवसभर असायचा, त्या महिनाअखेर पाळणाघर बंद करून मुलाकडे कॅनडाला चालल्या होत्या. कायमच्या. एक तारखेपासून तीन वर्षांच्या राजसला ठेवायचं कुठे, याचं उत्तर ऋजुताकडे नव्हतं, सर्वेशकडे नव्हतं आणि सर्वेशच्या आईचे गुडघे मिरजेहून हलायला तयार नव्हते. राजसची सोय झाली नाही तर नोकरी सोडावी लागणार, इतकं ते साधं होतं.

तिची कंपनी आयटी पार्कात. माणसं दोनशे. पन्नासच्या वर माणसं असली की पाळणाघर द्यायला हवं असा कायदाच आहे. ऋजुताने त्या कायद्याची प्रत काढली, अर्ज लिहिला आणि सहा महिने जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर फिरून त्रेचाळीस बायकांच्या सह्या गोळा केल्या. एचआरचे प्रमुख ढिल्लों सर, त्यांनी अखेर भेटायची वेळ दिली होती. गुरुवारी अकरा वाजता.

पण आज सोमवार होता, आणि बुधवारी सरकार वाचवायचं होतं.

ती लिहायला बसली आणि तिचीच तिला भीती वाटायला लागली, इतकं ते सोपं गेलं. आयुष्यभर ज्या उत्तरांवर दात-ओठ खाल्ले, ती सगळी आतून रांगेने बाहेर यायला लागली. 'सरकार हर माँ की पीड़ा समझती है.' 'पर जल्दबाज़ी में उठाया गया क़दम हमारे नन्हे-मुन्नों के हित में नहीं होगा.' 'इसलिए हमने एक समिति बनाई है, और उस समिति की अध्यक्ष स्वयं एक माँ होगी!' इथे तिने कंसात लिहिलं, टाळ्यांसाठी थांबणे.

तेवढ्यात सर्वेशचा फोन आला. "काय करतेयस?"

"सरकार चालवतेय."

"जेवलीस का?"

"सरकार चालवताना कुणी जेवतं का? ठेव फोन."

बुधवारी संध्याकाळी ईश्वरी करंडक घेऊनच घरात शिरली. "मम्मा, फर्स्ट! अपोज़िशन वाला लड़का इतना अच्छा बोला, रोने वाली आवाज़ में. माँओं के आँसू, क़ानून, सब. उसके पापा ने लिखके दिया था. मैंने समिति बोला और वो चुप! पूरा हॉल क्लैप कर रहा था." ऋजुताने लेकीला पोटाशी धरलं. आपण काहीतरी घाण काम फार सुबक केलं आहे असं तिला वाटत होतं, पण करंडक चांगला मोठा होता.

गुरुवारी अकराला ती सह्यांचा गठ्ठा घेऊन ढिल्लोंच्या केबिनमध्ये गेली. तोंड उघडायच्या आत ढिल्लों खुर्चीतून उठले.

"ऋजुता जी! आप ईश्वरी की मम्मी हैं? कल देखा मैंने उसे. कह रही थी, भाषण मम्मा ने लिखा है. कमाल कर दी बच्ची ने!"

"आप... वहाँ थे?"

"लो जी. लीडर ऑफ़ अपोज़िशन मेरा बेटा है." ढिल्लोंनी छातीवर हात ठेवला. "तीन रातें लगाईं मैंने उस भाषण पर. लिखते-लिखते मैं ख़ुद रो पड़ा था."

ऋजुताला वाटलं, देव आहे! "फिर तो सर, आप समझते ही हैं. क़ानून, माँओं के आँसू..."

"बिल्कुल समझता हूँ. पर वो भाषण तो हार गया ना जी." ढिल्लों शांतपणे बसले. "जीता आपका. और सच बताऊँ, मैं तो क़ायल हो गया. जल्दबाज़ी बच्चों के हित में नहीं. कितनी सही बात लिखी आपने!"

"सर, वो तो सरकार की तरफ़ से था."

"तो मैं यहाँ किसकी तरफ़ से बैठा हूँ?"

ऋजुताने कायद्याची प्रत पुढे सरकवली. ढिल्लोंनी ती आदराने फाइलमध्ये ठेवली. मग त्यांनी समिती नेमली. पाच जणी, सगळ्या आया. "और अध्यक्ष स्वयं एक माँ," असं म्हणून त्यांनी ऋजुताकडे हात केला आणि खरोखर थोडं थांबले.

पहिली बैठक पुढच्या महिन्याच्या अखेरीस, बुधवारी, संध्याकाळी साडेपाचला ठरली. समितीचं काम हे कंपनीचं काम नाही, तेव्हा ते कामाच्या वेळेत नको, असं ढिल्लोंचं म्हणणं पडलं.

तोवर बलजीत आंटी कॅनडाला पोचल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनी राजसला कसंबसं पाचपर्यंत सांभाळत होत्या, तेही महिनाभरच, आणि महिना त्या दिवशी संपत होता. ऋजुता रिक्षाने घरी धावली, राजसला उचललं आणि साडेपाचला पुन्हा गेटवर हजर झाली. बघते तर समितीच्या उरलेल्या चौघी तिथेच उभ्या, चौघींच्या कडेवर नाहीतर हाताशी एकेक पोर. चित्रा कुलकर्णी तर आपल्या मुलाला डब्यातला वरणभात तिथेच भरवत होती.

"आत सोडत नाहीयेत गं," चित्रा म्हणाली. "मुलांना परवानगी नाही म्हणे."

"मैडम जी, रूल है," दारावरचे रामफल म्हणाले. मिशा पिकलेला, हरियाणाचा मोठ्या मनाचा माणूस, त्यालाच वाईट वाटत होतं. "बालक अंदर नहीं जा सकता."

"अहो, आम्ही बालकांसाठीच आत चाललोय!" ऋजुता मराठीतच ओरडली. मग तेच हिंदीत ओरडली.

सहाला दहा कमी झाले. वरून ढिल्लोंचा निरोप आला की सदस्य येत नसतील तर समितीला विषयात रस नाही असं लिहावं लागेल. पाचही आया एकमेकींकडे बघायला लागल्या.

शेवटी रामफलच म्हणाले, "इन्हें मेरे पास छोड़ जाओ. दस मिनट की बात है. मेरे भी चार पोते हैं."

त्यांनी पाचही मुलं बाकावर बसवून बिस्किटांचा पुडा फोडला आणि या बायका धावत वर गेल्या.

ऋजुता धापा टाकत बोलायला लागली. काय नाही बोलली! कायदा, राजस, बलजीत आंटी, नोकरी सोडावी लागेल हेही बोलली आणि तिथे तिचा आवाज चिरकला. ढिल्लों मात्र खिडकीशी उभे होते.

"ऋजुता जी, ज़रा इधर आइए."

खाली रामफलनी मुलांना रांगेत उभं करून सॅल्यूट शिकवला होता. मुलं खिदळत होती.

"बच्चे ख़ुश, माँएँ मीटिंग में," ढिल्लों भारावून म्हणाले. "क्रेश और किसे कहते हैं?"

"सर, वो गेट है!"

"हवादार है," म्हणत ढिल्लों टाइप करायला बसले. 'मुख्य द्वार पर संतोषजनक व्यवस्था उपलब्ध. समिति का कार्य सफलतापूर्वक संपन्न.' प्रिंट काढून त्यांनी कागद ऋजुतासमोर धरला. "अध्यक्ष के दस्तख़त."

"मी मुळीच सही करणार नाही," ती म्हणाली. आयुष्यभरात एकाही सरकारला तिने ऐकवलं नसेल असं काहीतरी आता ती ऐकवणार होती. तेवढ्यात चित्रा किंचाळली, "ऋजुता! तुझा राजस बघ!"

राजस गाड्या अडवायच्या आडव्या दांड्याला लोंबकळला होता आणि कुणाचीतरी गाडी आल्यामुळे दांडा वर चालला होता. ऋजुता दाराकडे धावली. दारात ढिल्लों कागद आणि पेन घेऊन उभे. तिने कुठे, कशी सही केली तिलाच कळलं नाही. ती एका दमात जिने उतरली.

रामफलनी राजसला कधीच काखेत मारलं होतं. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, उलट पुन्हा चढायचं म्हणून तो हातपाय झाडत होता. ऋजुताने त्याला घट्ट छातीशी धरलं आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. हरलो आपण, साफ हरलो, आणि वर सहीही आपलीच.

"रोओ मत मैडम जी," रामफल हळूच म्हणाले. "बड़ा होशियार बालक है. कल कितने बजे लाओगे?"

ऋजुताने पदराने नाक पुसलं. खालच्या वहिनींचा महिना आज संपला होता.

"साढ़े नौ," ती म्हणाली.